आऱ्यांमधलं फूल

सन सव्वीसच्या पावसाळ्यात भैयालाल कुंभाराचा खांदा धरला आणि तिरोडा स्टेशनवर माठ पोचवायचं काम त्याच्या मुलीकडे, चमेलीकडे आलं. बेलटोल्याहून पहाटे निघालं की ऊन तापायच्या आत स्टेशन येई. डोक्यावर एकावर एक माठ, त्यांच्यात भाताचं तणस कोंबलेलं. परतताना डोकं रिकामं, म्हणून वाट लांब वाटत नसे.

चमेली तेव्हा तिशीला आलेली. नवरा बालाघाटकडच्या मँगनीजच्या खाणीवर गेला आणि त्यानं तिथंच दुसरं घर मांडलं. ती बापाकडे परत आली आणि राहिली. आई आधीच वारलेली, त्यामुळे घरात दोघंच. माती तुडवणं, माठ थापटून फुगवणं, गेरूनं नक्षी काढणं ही सगळी तिची कामं. चाकाला मात्र ती हात लावत नसे. बाईनं चाकाला शिवायचं नाही असा त्यांच्या जातीत नियम होता. का, ते कोणी विचारत नसे, चमेलीनंही विचारलं नव्हतं.

स्टेशनमास्तराला बागेचा नाद होता. प्लॅटफॉर्मच्या कडेनं त्यानं फुलझाडं लावून घेतली होती आणि त्यांना पाणी घालायला मंगरू नावाचा एक गोंड माणूस ठेवला होता. भाद्रपदात एका सकाळी चमेली माठ उतरवून उभी राहिली तर समोर तिच्या तोंडाएवढं पिवळं फूल.

"हे कोनचं गा?"

"सूरजमुखी," मंगरू म्हणाला. "मास्तरनं बी मागवलं कलकत्त्याहून."

पाकळ्या तिला फारशा आवडल्या नाहीत. ती बघत होती मधली काळपट गादी. तिच्यात दाणे भरले होते, आणि ते ओळीत होते, पण सरळ ओळीत नव्हते. काही ओळी मधून निघून उजवीकडे वळत गेल्या होत्या, काही डावीकडे. एकच दाणा उजवीकडच्या ओळीतही होता आणि डावीकडच्याही. तिनं बोटानं एक ओळ धरली, कडेपर्यंत नेली, पुन्हा दुसरी धरली. गोंदियाकडची गाडी आली, माणसं उतरली, गाडी गेली.

"खातेस का वं ते?" मंगरूनं हसून विचारलं.

"वाळलं का मले देजो."

दिवाळी जवळ आली तशी वाळकी फुलं त्यानं खरंच तिच्या ओंजळीत टाकली.

घरी येऊन तिनं हातानं चिखलाची सपाट थाळी थापली, मातीचे लहान लहान दाणे वळले आणि थाळीवर बसवायला घेतले. आधी गोल गोल रिंगणं केली. ती थाळी जात्यावर टिकल्या डकवल्यासारखी दिसायला लागली. मग तिनं काडीनं आधी वळणाच्या रेघा ओढल्या आणि त्यांच्यावर दाणे ठेवले. मध्ये दाटी झाली, कडेला मोकळं राहिलं. दोन्ही थाळ्या तिनं मोडून पुन्हा भिजत टाकल्या.

भैयालाल तंबाखू मळत हे बघत होता. "कायले करून राहिली हे? भात शिजते का त्यात?"

"नाई शिजत," चमेली म्हणाली, आणि नवीन थाळी थापायला बसली.

पुढच्या खेपेला ती स्टेशनवर गेली तेव्हा फुलाकडे न बघता तिनं कोवळी रोपं बघितली. मास्तरानं दुसरा वाफा नुकताच लावला होता. वाकून वरून पाहिलं तर पानं कशी फुटतात ते दिसत होतं. नवं पान आधीच्या पानाच्या डोक्यावर येत नव्हतं. अगदी समोरही येत नव्हतं. अर्ध्या फेऱ्याच्या जरा अलीकडेच ते थांबत होतं, त्याच्या पुढचं पान पुन्हा तेवढंच फिरून, त्याच्याही पुढचं तेवढंच. तिनं बांबूच्या दोन कामट्या घेतल्या, एक एका पानावर धरली, दुसरी पुढच्या पानावर, आणि जिथं त्या एकमेकींना भेटत होत्या तिथं सुतळीनं घट्ट बांधून टाकल्या.

घरी त्या कामट्यांचा सांधा तिनं थाळीच्या मधोमध ठेवला. एका टोकाशी दाणा, दुसऱ्या टोकाशी पुढचा दाणा. मग कामट्या फिरवून पहिलं टोक नव्या दाण्यावर आणायचं आणि पुन्हा तेच. प्रत्येक दाणा आधीच्यापेक्षा सूतभर बाहेर आणि जरासा मोठा, टोकदार. दुपारपर्यंत थाळीवर नुसता पसारा होता, सांडलेल्या वाटाण्यांसारखा. भैयालाल जेवायला बोलावून थकला. ऊन कलल्यावर तिनं मान वर केली, पाठ ताणली आणि पुन्हा खाली बघितलं. थाळीवर ओळी आल्या होत्या. उजव्या वळणाच्या आणि डाव्या वळणाच्या, स्टेशनवरच्या फुलासारख्याच.

"बाबा," तिनं हाक मारली, "या इकडं. हे मी काढलं नाई."

"मंग कोनं काढलं?"

"मी एकेक दाना ठेवत गेली. रेघा आपोआप आल्या."

भैयालालनं धोतराला हात पुसले आणि उकिडवा बसला. न टेकवता त्यानं बोट एका ओळीवरून कडेपर्यंत फिरवलं. म्हणाला, "दाने पानी लावून बसव. नाई तं आव्यात भाजतानी निघून येतीन."

भैयालालकडून एवढं मिळालं म्हणजे खूप झालं, हे चमेलीला माहीत होतं.

शेजारचं घर बिसराम सुताराचं. तो बैलगाडीची चाकं करायचा, आणि त्याच्या चाकांना पार अर्जुनीपर्यंत मागणी होती. तो आणि भैयालाल लहानपणापासूनचे मित्र. पण दोन उन्हाळ्यांपूर्वी भैयालालच्या माठ भाजायच्या आव्यातली ठिणगी उडाली आणि बिसरामनं वाळत घातलेला सागाचा ढीग जळून गेला. बिसराम म्हणाला, तुला वारा दिसला नाही का. भैयालाल म्हणाला, वारा मी सोडला का. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं, आणि दोन अंगणांच्या मध्ये बांबूच्या तट्ट्यांचं कुंपण आलं. बिसरामची बायको सुशिलाबाई आणि चमेली विहिरीवर बोलत, पण घरच्या गोष्टी टाळून.

थाळी वाळली. चमेलीनं भैयालालकडून थाळीच्या कडेला गेरूची रिंग मारून मागितली, कारण अशी रिंग चाकावरच सारखी येते. त्यानं थाळी चाकावर ठेवली आणि चमेली माती आणायला बोडीवर, गावच्या लहान तळ्यावर गेली. येताना टोपलं जड झालं म्हणून ती नेहमीचा रस्ता सोडून बिसरामच्या मागच्या गल्लीतून आली. बिसराम नव्या चाकाचा तोल बघत होता. दोन खांबांवर आडवा आस टाकून चाक त्यात अडकवलेलं, आणि तो ते हातानं फिरवून कुठं डगमगतं का पाहत होता. पलीकडे कुंपणाची एक तट्टी पावसानं पडलेली. तिथून भैयालालचं अंगण दिसत होतं.

चमेलीनं टोपलं सावरायला मान वाकवली. तिची नजर फिरत्या चाकाच्या तुंब्याजवळून गेली, जिथं आरे एकमेकांना चिकटून येतात आणि मध्ये बोटभर फट राहते. त्या फटींतून तिला बापाचं चाक दिसलं. तेही फिरत होतं. पण थाळी फिरत नव्हती. थाळीवरचे दाणे मधून उगवत होते, मोठे होत होत कडेकडे सरकत होते आणि कडेला नाहीसे होत होते. जणू फूल उमलत होतं आणि उमलायचं थांबतच नव्हतं.

तिनं मान वर केली. वरून चाकावर नुसती तांबडी-करडी भिरभिर. पुन्हा वाकली. आता फूल मिटत होतं, दाणे कडेकडून आत येत होते. टोपलं डोक्यावरून कधी खाली आलं ते तिला कळलं नाही.

"काय झालं वं?" बिसराम म्हणाला. दोन वर्षांत तो तिच्याशी पहिल्यांदा बोलत होता. "भोवळ आली का?"

"काका, चाक थांबवू नका. इकडं या. इथून पाहा."

बिसराम कुरकुरत आला, वाकला आणि तसाच वाकून राहिला. भैयालालचं चाक हळू होत थांबलं तेव्हा कुठं तो सरळ झाला. त्यानं कपाळावरचा घाम पुसला आणि घरात हाक मारली, "अवो, बाहेर ये! लवकर ये!"

सुशिलाबाई पिठाच्या हातानं आली.

पण तोपर्यंत भैयालालनं रिंग पुरी करून थाळी उतरवली होती. चमेली धावत घरी गेली. "बाबा, थाळी पुन्हा ठेवा. चाक फिरवा."

"काऊन?"

तिनं सांगितलं. भैयालालला त्यातलं काही पटलं नाही. पण बिसरामच्या गाडीचं चाक त्यात येतं एवढं मात्र त्यानं बरोबर ऐकलं. "माह्या अंगणात माहं चाक मी फिरवीन," तो म्हणाला. "पल्याड कोन काय करते, त्याच्याशी मले मतलब नाई."

असं ते सुरू झालं. अलीकडे भैयालाल काठीनं चाकाला गती द्यायचा, पलीकडे बिसराम गाडीचं चाक एका लयीत फिरवायचा, आणि सुशिलाबाई फटीला डोळा लावायची. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती तिथंच मातीत बसली. दुसऱ्या दिवशी ती शेजारच्या दोघींना घेऊन आली. बिसरामनं मन लावलं. आऱ्यांमधली रुंद जागा त्यानं काजळी फासलेल्या गोणपाटानं शिवून बंद केली आणि प्रत्येक आऱ्याला लागून बोटभर चीर ठेवली. आता वाकायची गरज राहिली नाही, उभ्यानंच स्पष्ट दिसायला लागलं. भैयालालचं चाक जोरात असलं की फूल उमले, जरा मंदावलं की मिटे, आणखी मंदावलं की पुन्हा उमले, पण या खेपेला दुसऱ्याच वळणांनी. थाळी भाजून आली तेव्हा चमेलीनं दाण्यांच्या टोकांना चुना लावला, बुडाला काजळी. त्यामुळे उमलताना चांदण्या सांडल्यासारखं दिसे.

दिवाळीनंतर बेलटोल्याची मंडई होती. आसपासच्या गावांचे लोक सकाळपासून जमत, दुकानं लागत, ढोल वाजत. सुशिलाबाईनंच ठरवून टाकलं की फूल मंडईत न्यायचं. चाक उचलून न्यायला भैयालालनं आधी नकार दिला.

"खांदा दुखते," तो म्हणाला.

"काकाची गाडी हाये," चमेली म्हणाली.

"म्हणून तं म्हनलं, खांदा दुखते."

चमेलीनं चाकाभोवतीची माती खरडून काढली, हात न लावता वरून पाणी ओतून चाक धुतलं आणि उन्हात वाळू दिलं. सकाळी बिसरामची गाडी दारात उभी राहिली तेव्हा भैयालाल स्वतःच चाकाची एक बाजू धरायला उठला. दुसरी बाजू बिसरामनं धरली. दोघांनी एकमेकांकडे न बघता चाक गाडीत चढवलं.

मैदानाच्या कडेला मोहाच्या झाडाखाली त्यांनी खांब रोवले. मध्ये चादर लावली, तिला बिसरामच्या चाकापुरती खिडकी ठेवली. एका बाजूला भैयालाल, दुसऱ्या बाजूला बिसराम आणि बघणारे. सुशिलाबाई रांग लावत होती. सुरुवातीला चार-पाच बाया होत्या. मग भजी खाणारे भजी हातात घेऊन आले, मग ढोलवाले ढोल खाली ठेवून आले. लोक आळीपाळीनं फटीला डोळा लावत. एका म्हाताऱ्या मालगुजारानं चादर बाजूला सारून मागं कोणी लपलंय का ते पाहिलं आणि पुन्हा रांगेत जाऊन उभा राहिला. एक तरणी बाई डोळा काढेचना. मागच्यांनी ओरडा केला तेव्हा म्हणाली, "माह्या लेकराचं बारसं झालं तेव्हा मन असंच उमललं होतं," आणि लाजून निघून गेली.

उन्हं उतरायला लागली. भैयालालनं सकाळपासून बसून चाक फिरवलं होतं. डाव्या हाताला काठी घेऊन झाली, उजव्या हाताला घेऊन झाली. चादरीपलीकडून "अगा बापा", "पाह्य, पाह्य" असे आवाज येत होते. चमेली त्याच्यासाठी पाणी घेऊन आली. तो प्यायला, तांब्या खाली ठेवला आणि म्हणाला, "तू पाह्यली. सुशिला पाह्यली. सारं गाव पाह्यलं."

चमेलीच्या तेव्हा ध्यानात आलं. चाक फिरवायला तोच, त्यामुळे बघायला तो कधीच नव्हता. इतक्या दिवसांत त्यानं त्याच्या चाकावरचं फूल एकदाही पाहिलं नव्हतं, आणि कोणाला म्हटलंही नव्हतं.

"घनश्यामकाकाले फिरवायले सांगू का?" तिनं विचारलं. घनश्याम हा पलीकडच्या गावचा कुंभार, जातीतला जुना माणूस. तो सकाळपासून दोनदा पाहून तिसऱ्यांदा रांगेत उभा होता.

भैयालालनं चादरीच्या कडेनं मान काढून हाक मारली. "घनश्याम, जरा चाकावर बस गा. मले पाह्यचं हाये."

"आता माहा नंबर येऊन राहिला," घनश्याम म्हणाला. "इथून हललो का गेला."

"थोडा वेळ."

"पोरीले सांग ना!" घनश्याम वैतागून म्हणाला, आणि आपण काय बोलून गेलो हे कळल्यावर मोहाच्या झाडाकडे बघायला लागला.

भैयालालनं काठी चमेलीच्या हातात दिली. "खाचेत टेकव. अंगानं रेट, हातानं नाई," तो म्हणाला. मग उठला, गुडघे सरळ केले आणि चादरीला वळसा घालून पलीकडे गेला.

चमेली चाकासमोर बसली. काठी पहिल्यांदा खाचेतून निसटली. दुसऱ्यांदा चाक हललं, कुरकुरलं आणि थांबलं. तिनं पदर खोचला, पाय जमिनीत रोवले आणि अंग लोटलं. चाक जागचं सुटलं. एकदा सुटल्यावर त्याचं वजनच त्याला ओढायला लागलं. तिला फक्त मध्येमध्ये काठी टेकवायची होती. हाताला जे जाणवत होतं ते तिनं कोणाला सांगितलं नाही, पण तिचे दात दिसत होते.

पलीकडे बिसराम गाडीचं चाक फिरवत होता. भैयालाल शेजारी येऊन उभा राहिला. रांगेतले लोक मागं सरले.

"अजून जवळ ये," बिसराम म्हणाला. "डोळा चिरेपाशी."

भैयालाल वाकला. "दिसत नाई."

"थांब ना. चाक थोडं हळू होऊ दे."

चमेलीला चिरांमधून बापाचा चेहरा दिसत होता, दिसत होता आणि जात होता, तुकड्यातुकड्यानं. आधी आक्रसलेला डोळा. मग तो डोळा मोठा झाला.

"बिसराम," भैयालाल म्हणाला, "हे तं उमलून राहिलं गा."

"व्हय."

"आता मिटून राहिलं."

"पुन्हा उमलते. पाह्य."

भैयालालनं आधाराला हात पुढं केला. खांब समजून त्यानं बिसरामचा दंड धरला, आणि कळल्यावरही सोडला नाही. चाक थांबत आलं तसं फूल जागच्या जागी उभं राहिलं आणि मग साध्या थाळीसारखं दिसायला लागलं. भैयालाल मागे झाला, डोळे पुसले आणि मोठ्यानं म्हणाला, "चमेले, अजून एक डाव फिरव."

त्या संध्याकाळी सामान गाडीत भरताना भैयालाल बिसरामला म्हणाला, "आव्याची जागा बदलतो. बोडीकडं नेतो." बिसराम म्हणाला, "तिकडं ओल हाये, सागवानी फळ्या देतो, खाली टाकजो." कुंपणाची पडलेली तट्टी कोणी उभी केली नाही, आणि होळीला उरलेल्या तट्ट्या गावातल्या पोरांनी नेल्या तेव्हा दोन्ही घरांतून कोणी ओरडलं नाही.

चमेली चाकावर बसू लागली. आधी परसात, कोणी नसताना. मग अंगणात. भैयालालचा खांदा सुधारला नाही, त्यामुळे लोकांनाही म्हणायला फार जागा राहिली नाही. तिचे पहिले माठ तिरपे झाले. मंगरूनं त्यातला एक स्टेशनच्या बागेत ठेवला आणि त्यात कंदील टांगायची दोरी गुंडाळून ठेवायला लागला.

महाशिवरात्रीच्या सुमारास अर्जुनीजवळच्या प्रतापगडाच्या जत्रेला फूल आणा असा तिकडून निरोप आला. चाक तणसात ठेवून, गाडीचं चाक उभं बांधून चौघंही निघाली. वाटेत जंगल लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नाल्याशी बैलांना पाणी दाखवायला गाडी थांबली. काठावर शिंदीची झाडं होती. झडलेल्या झावळ्यांच्या जुन्या खुणा खोडावर खालपासून वरपर्यंत चढत गेल्या होत्या. चमेली गाडीतून उतरली आणि एका खोडाशी जाऊन उभी राहिली. एका खुणेवर तिनं डावा हात ठेवला, पुढची शोधायला उजवा हात खोडाभोवती अर्ध्या फेऱ्याच्या जरा अलीकडेपर्यंत नेला.

"चल वं," सुशिलाबाईनं हाक मारली. "बैल उभे हायेत."

"तिले पाहू दे," भैयालाल म्हणाला आणि चिलीम काढली. बिसरामनं बैलांचे कासरे सैल केले आणि तोही त्याच्याजवळ सावलीत येऊन बसला.